रंगाचा दुसरा हात

१

पीओपीला तहान फार. साच्यातून काढलेलं प्यादं कितीही सुबक असो, त्यावर सरळ रंग लावला की ते सगळा पिऊन टाकतं आणि वर नुसते डाग उरतात. म्हणून आधी फेव्हिकॉल पाण्यात पातळ करायचा आणि त्याचा एक हात द्यायचा. तो वाळला की अंग आवळल्यासारखं घट्ट होतं. मग रंगाचा दुसरा हात. काळे मोहरे ब्रशने रंगवत बसायचं नाही. बुडाशी खिळा असतोच, तो धरून मोहरा डब्यात उलटा बुडवायचा, झटकायचा आणि थर्माकोलमध्ये खोचून द्यायचा. पांढऱ्यांना हस्तिदंती रंग, त्यावर पातळ तपकिरी पाणी, आणि ते ओलं असतानाच फडक्याने पुसून घ्यायचं. वरचा भाग उजळ राहतो, खाचांमध्ये तपकिरी बसतं, आणि काल ओतलेला राजा आजोबांच्या काळातला वाटतो.

ओतायचं काम नवऱ्याचं, रंगवायचं माझं. प्रशिक सदर भागात बुद्धिबळाचा क्लास घेतो. या उन्हाळ्यात त्याने लहान मुलांचं शिबिर ठेवलं होतं आणि त्याला वीतभर उंच मोहरे हवे होते. दुकानातले पसंत पडेनात. "घरीच करू न," तो म्हणाला. "तुझा हात साफ आहे."

आमचं घर सक्करदऱ्याला. मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर आहे, त्यामुळे माझं टेबल तिथेच टाकलं. वारा लागला की रंग बघता बघता वाळतो. त्याच खोलीत माझ्या सासऱ्यांची खाट होती. नत्थूजी त्यांचं नाव, आम्ही बाबाच म्हणतो. कन्हानकडच्या कोळसा खाणीत त्यांची नोकरी झाली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, पण डोकं लख्ख होतं. पडल्या पडल्या माझं काम बघायचे.

"वैभवी, तो घोडा तं गधा दिसून राह्यला वं."

"राहू द्या जी बाबा. मुलं काही ओळखत नाही."

सकाळी रंगकाम, मग स्वयंपाक. बाबांना भरवायचं, कूस बदलून द्यायची, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दार ओढून घ्यायचं आणि पुढच्या खोलीत फरशीवर पडायचं. मे महिन्यातल्या दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंही हलत नाही. रोज असंच चाललं होतं.

२

एका सकाळी डब्याच्या झाकणाने माझं बोट कापलं. पांढऱ्या मोहऱ्यांना फक्त फेव्हिकॉलचा हात देऊन झाला होता. बोटाला पट्टी बांधली आणि बाकीचं उद्या बघू म्हणून सोडून दिलं.

चहाच्या वेळी दार उघडलं तर सगळ्या पांढऱ्यांवर हस्तिदंती रंग होता. एकसारखा, ओघळ नाही, थेंब नाही. वजिराच्या मुकुटाच्या दात्यांमध्येसुद्धा नीट गेलेला. मला वाटलं, प्रशिक दुपारी येऊन गेला आणि मला झोपू दिलं. बरं वाटलं. संध्याकाळी तो आला, एक उंट उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "आज काय हात बसला तुझा! एकदम मशीनवानी."

मी हसले. तो चेष्टा करतोय असं मला वाटलं, आणि मीच केलंय असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम काही केलं नाही. दुपारनंतर तपकिरी पाणी लावून, पुसून, सगळं तयार होतं. फडकंसुद्धा पिळून खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेलं. मी फडकं कधी पिळत नाही, तसंच बोळा करून फेकते.

प्रशिकला फोन केला. "तू घरी आलता का?"

"मी? मी तं सकाळपासून क्लासलेच आहे. काहून?"

"काही नाही," मी म्हटलं.

शेजारच्या इंदुताईंकडे आमची किल्ली नाही. मागे दुसरं दार नाही. खिडकी कूलरने भरलेली. उरले बाबा, ज्यांना पाण्याचा पेलाही मी धरायची. मग मीच? उन्हाने डोकं फिरतं म्हणतात. झोपेत उठून रंगवत असेन. पण कापलेलं बोट? त्यावरची पट्टी कोरी होती.

मी खाटेजवळ गेले. "बाबा, दुपारी कोण आलतं जी?"

"कोणी नाही."

"मंग हे?"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मी विचारतेय त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा केला. "ते रंगवून राह्यलं होतं न. चांगलं काम करते. बोलत नाही."

३

आमच्या घरी देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तीही पुढच्या खोलीत. अंगारा नाही, उतारा नाही. भूत माणसाच्या डोक्यात असतं, हे बाबांनी उभ्या आयुष्यात खाणीतल्या कितीतरी लोकांना समजावलं होतं. त्यामुळे मीही डोक्यातच शोधत राहिले. लकव्यानंतर माणसाला भास होतात. मला झोप कमी पडत होती. रंगाचा वास बंद खोलीत भरून राहतो, त्यानेही होत असेल. प्रत्येक कारण घटकाभर पुरायचं आणि मग मी उठून पुन्हा घरात फेऱ्या मारायची. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची.

एका दुपारी मी पडून राहिले, पण झोपले नाही. दाराआड कूलरची घरघर चालू होती. त्या घरघरीत दुसरं काही असेल तर ऐकू येणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी आणखी कान देत होते.

आणि लाइट गेली.

कूलरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. जाळीतून पाणी ठिबकलं आणि तेही थांबलं. आणि त्या शांततेत स्टीलच्या पेल्याच्या काठावर ब्रश झटकल्याचा आवाज आला. टिण, टिण. मग पाण्यात घुसळल्याचा. मग पुन्हा टिण, टिण. घाई नव्हती. एकटं काम करणारा माणूस जसा आपल्या तंद्रीत असतो, तसा.

मी दार ढकललं.

टेबलाजवळ कोणी नव्हतं. बाबांचे डोळे मिटलेले, श्वास संथ. ब्रश फडक्यावर आडवा ठेवलेला. पेल्यातलं तपकिरी पाणी मात्र गोल फिरत होतं. मी उंबऱ्यात उभी राहून ते थांबेपर्यंत पाहत राहिले. आत पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. ते पाणी पूर्ण स्थिर झालं तेव्हा बाबा डोळे न उघडता म्हणाले, "दार लाव वं. गरम हवा येऊन राह्यली."

४

त्यानंतर मी मोहरे आणि रंग उचलून स्वयंपाकघरात आणले. तिथेच रंगवायला लागले. मागच्या खोलीत रंगवण्यासारखं काही ठेवलं नाही.

काही ठेवलं नाही, असं मला वाटलं.

बाबांना सकाळी ओल्या टॉवेलने पुसताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं चमकताना दिसली. कातडी ताणल्यासारखी घट्ट, वर पातळ पापुद्रा. फेव्हिकॉलच, मला लगेच कळलं. वाटलं, माझ्याच हाताचा लागला असेल. नखाने खरवडलं, निघेना. कोमट पाण्याने निघेना. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, तर बोळा कोरडा आणि बोटं तशीच. बाबा पाहत होते.

"थंड वाटते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत रंग होता. गव्हाळ, त्यांच्या कातडीसारखाच, फक्त एकसारखा. माझ्या डब्यांत असा रंग नव्हताच. त्याच्यापुढच्या दिवशी पेरांवरच्या सुरकुत्यांमध्ये तपकिरी बसलं होतं. वरचं पुसून घेतलेलं, खाचांमध्ये राहू दिलेलं. इतकं हुबेहूब, की मी आधीचे दिवस पाहिले नसते तर मला काहीच दिसलं नसतं.

त्याच संध्याकाळी इंदुताई सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन आल्या होत्या. मागच्या खोलीच्या दारातूनच ओरडल्या, "अवं वैभवी! इकडं ये लवकर!"

बाबांनी उजव्या हाताने पेला उचलला होता. ओठांना लावला होता. एक थेंब सांडला नव्हता.

प्रशिक क्लासवरून आला तेव्हा बाबांनी तोच हात त्याच्यापुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखा रडला. इंदुताईंनी डोळे पुसले. मीही हसले, कारण न हसणं फार वाईट दिसलं असतं.

रात्री जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. भाताचा घास त्याच्या ताटात तसाच राहिला.

"तुले बरं वाटलं नाही का वं?" तो शेवटी म्हणाला. "माणूस हात हलवून राह्यला."

"हात हलून राह्यला प्रशिक. बाबा हलवून राह्यले का ते पाह्य न."

५

मी त्याला न विचारता बाबांची खाट पुढच्या खोलीत ओढून आणली. इथे पंखा गरम वारा फेकायचा. बाबांना घाम यायचा, डाव्या अंगाला. उजव्या हाताला नाही.

दुपार झाली की तो हात खाटेच्या लोखंडी पाइपवर वाजायला लागायचा. टिण, टिण. थोडं थांबून पुन्हा. बाबा झोपेत असले तरी. मी फरशीवर पडून ते ऐकायची, मग उठायची, पाणी प्यायची, दाराची कडी बघून यायची, पुन्हा पडायची. मागच्या खोलीला मी बाहेरून कडी घातली होती.

एका दुपारी वाजणं थांबलं म्हणून वळून पाहिलं. बाबांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट आवळून धरलं होतं. सगळा जीव एकवटून.

"दुखते का जी?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. प्रशिक घरात नाही याची खात्री केली.

"वैभवी, हा माहा हात नाही वं."

"मंग तुमचा कुठं आहे?"

"आतमंधी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "आहे तसाच पडून आहे. मेलेला. वरून हे हलते. मले परत तिकडं नको नेऊ. पोरगा म्हणन, चला बाबा. तू नको नेऊ देऊ."

"नाही नेऊ देणार," मी म्हणाले.

संध्याकाळी प्रशिकला हे सांगितलं. त्याने बाबांना विचारलं. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, त्या आशेने भरलेल्या तोंडाकडे, आणि म्हणाले, "तुले काय वाटते रे पोरा?" आणि उजवा हात उठून प्रशिकच्या गालावरून फिरला. अगदी मायेने. बाबा स्वतः त्यात तसूभरही नव्हते, मी बघत होते. त्यांचे डोळे माझ्यावर होते.

६

शिबिर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रशिक म्हणाला, "तेवढे मोहरे क्लासवर पोचवून दे न. मी बाबांजवळ थांबतो."

मी ऑटो केला. सदरला गर्दी होती, क्लासची किल्ली ज्या दुकानात ठेवलेली असते तिथला माणूस जेवायला गेला होता. मी त्या दुकानाच्या सावलीत उभी होते. प्रशिक स्वतः गाडीवरून नेऊ शकला असता. तो कधी बाबांजवळ थांबत नाही. दुपारी तर नाहीच. खोके तिथेच टाकून मी परत फिरले.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत खाट नव्हती. मागच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून प्रशिक फरशीवर बसला होता. आत कूलर चालू होता.

"उठ," मी म्हणाले.

"वैभू, थोडा वेळ. आता होऊनच राह्यलं."

"बाबांनी मले सांगतलं होतं, तिकडं नको म्हणून. उठ!"

"ते घाबरतात. लकवा झाला तवापासून प्रत्येक गोष्टीले घाबरतात." त्याचे डोळे सुजले होते. "तू रोज पुसते त्यांले, मले माहीत आहे. पण माहा बाप खाणीत शिडीनं उतरत होता वं. मले एकदा त्यांले उभं पाह्यचं आहे. एकदा. मंग तू म्हणशील ते."

मी त्याला ढकललं. तो उठून माझे दंड धरायला आला, पण तोवर माझा पाय दारावर बसला होता. दार हातभर उघडलं.

बाबा खाटेच्या कडेला बसले होते. बसले होते. बंडी काढलेली, हनुवटी वर केलेली, जशी माणसं न्हाव्यापुढे करतात. छाती, पोट, दोन्ही खांदे ओले चकाकत होते. गळ्यावरून एक ओली रेघ हळूहळू वर चढत होती. कंठापाशी आली, त्याला वळसा घातला, आणि जिथून गेली तिथलं कातडं घट्ट होत गेलं.

त्यांच्या मागे कूलरचा अंधार होता आणि त्यात कोणीतरी वाकलं होतं. सगळं बाबांच्या आड. दिसलं ते फक्त एक कोपर, कामात असलेल्या माणसाचं असतं तसं मागेपुढे होणारं. पांढरं, खडूसारखं, कोरडं. अजून ज्याला पहिला हातही दिलेला नाही असं.

बाबांनी डोळे उघडले. डाव्या डोळ्याने मला पाहिलं. उजव्याने समोर.

त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी ओली रेघ ओठांवर आली.

प्रशिकने मला मागे खेचलं आणि दार लावून घेतलं. मी ओरडत होते. इंदुताई धावत आल्या, गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. त्यांना मी काय सांगणार? प्रशिक म्हणाला, हिला ऊन लागलं. त्यांनी माझ्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, कांद्याचा रस चोळला. मी पडून राहिले. कधीतरी कूलर बंद झाला, आणि मागच्या खोलीचं दार आतून उघडलं.

७

बाबा चालायला लागले.

ते सगळ्यांना दिसतं. डॉक्टरांनी दोन्ही तळपायांवर किल्ली ओढून पाहिली आणि प्रशिकच्या खांद्यावर थाप मारली. सकाळी बाबा तलावापर्यंत जातात, येताना पेपर आणतात. इंदुताई प्रत्येकाला सांगतात की सुनेनं फार केलं. बाबा हसतात. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा आहे, जडपणा गेला. हसताना डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी आहेत. फक्त त्या हलत नाहीत.

प्रशिकला हे दिसतं की नाही, मला माहीत नाही. तो आता घरी उशिरा येतो. बाबांशी बोलताना त्यांच्या शर्टाच्या गुंडीकडे बघून बोलतो. पहिल्या काही दिवसांत त्याने एकदा त्यांना खाणीतल्या कुठल्याशा गोष्टीची आठवण करून दिली. बाबा म्हणाले, "हो न," आणि हसले. पुन्हा त्याने काही विचारलं नाही.

मागच्या खोलीत आता काही रंगत नाही. मी एक कोरं प्यादं मुद्दाम ठेवून पाहिलं. ते तसंच कोरं राहिलं, वर धूळ बसली. तिथे आता कोणी नाही. मी हा विचार इथेच थांबवते. पुढे गेले तर मला या घरात स्वयंपाक करता येणार नाही.

निघून जायचं मनात येत नाही असं नाही. बॅगही एकदा भरली होती. पण परवा रविवार होता.

बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. केस फार वाढले होते. "थोडे कापून दे न वं, मानेवर टोचतात," म्हणाले. मी कात्री घेऊन मागे उभी राहिले. त्यांना हात लावणं मी टाळते, पण गल्लीतले लोक बघत होते.

डाव्या कानाच्या मागे, केसांच्या मुळाशी, एक जागा सुटली होती. टिकलीएवढी. घाईच्या हाताने रंगवलं की असं कुठेतरी राहतंच. तिथलं कातडं वेगळं होतं. सैल, काळसर, घामाने ओलं. मधोमध कोळशाचा निळा कण रुतलेला, खाणीत काम केलेल्या माणसांच्या अंगात राहतो तसा.

मी तिथे बोट टेकवलं.

ते गरम होतं. बोटाखाली नाडी उडत होती, भेदरलेल्या पाखरासारखी.

"बाबा?" मी म्हणाले. अगदी हळू. कानात नाही, त्या जागेशी वाकून. "बाबा, मी वैभवी."

तेवढ्या जागेवर सर्रकन काटा आला.

"काय वं?" समोरून मोकळा, खणखणीत आवाज आला. मान वळली नाही. उजवा हात तेवढा मांडीवरून उठला, मागे आला, आणि त्याची बोटं केसांमधून चाचपत कानाकडे सरकायला लागली. "काही राह्यलं का तिथं?"

"नाही जी," मी म्हणाले. "काहीच नाही राह्यलं."

आणि कात्री खाली ठेवून मी कंगव्याने केस त्या जागेवर ओढून घेतले.